शून्य चिंतेची माणसं

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या मैत्रीला शनिवारपर्यंत जर्नलवर मॅडमची सही हवी होती. सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं. काम तसं सोपं. चाळीस प्रश्नांची चिंता-चाचणी दहा जणांकडून भरून घ्यायची, दर 'होय'ला एक गुण. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला पुस्तकात 'प्रयुक्त' असं भारदस्त नाव आहे. मैत्रीला प्रयुक्तांची वानवा नव्हती. तिचे वडील, समाधान, चाकणजवळ महाळुंग्याच्या कंपनीत तपासनीस. पहिली शिफ्ट सुटली की त्यांची निम्मी लाइन चऱ्होलीत बसमधून उतरून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला टेकायची.

दहाही जणांनी तीन मिनिटांत कागद परत केले. दहाही शून्य.

योगिनी मॅडमनी जर्नल मागे सरकवलं. "चाकण पट्ट्यात कुणाला चिंताच नाही? मग मी तिकडेच फ्लॅट बघते. खरे आकडे आण, मग सही."

मैत्रीनं खंडूकाकांना गाठलं. हे वडिलांच्या शेजारीच काम करायचे.

"काका, परवाच म्हणत होतात, झोप येत नाही म्हणून. आणि इथं 'नाही'?"

"अगं पोरी, फॉर्म दिसला की आमी समदं ओके मारतो. मागं एकानं 'पाठ दुखती' लिवलं, तर दुसऱ्या दिशी सायेब इचारतोय, काम झेपत न्हाई का?"

"काका, हे ऑडिट नाही, अभ्यास आहे."

"त्येबी असंच म्हणत्यात."

मैत्री मान खाली घालून घरी आली, पण डोकं चालवूनच. दुसऱ्या दिवशी तिनं कोरे कागद वाटले आणि म्हणाली, "स्वतःचं लिहू नका. शेजारी काम करणाऱ्याचं लिहा."

मग काय विचारता! स्वतःपुरता मुका असलेला माणूस शेजाऱ्यापुरता वकील असतो. टपरीवर चहा गार झाला. "भावा, समाधान हल्ली अर्धा डबा परत नेतो, लिही होय!" "राव, त्याला कोपऱ्यात एकटाच पुटपुटताना बघितलाय!" शून्यांचे अठ्ठावीस झाले, तेहेतीस झाले. खंडूकाकांनी लिहिलेल्या कागदात समाधानचे एकतीस.

पण नियम असा, की ज्याचा कागद त्याची खाली सही. ज्याच्याविषयी लिहिलं होतं त्याच्यापुढे मैत्रीनं तो कागद ठेवला. नऊ जणांनी वरचं अक्षरही न वाचता सही ठोकली. कंपनीनं वर्षानुवर्षं लावलेली सवय, अभ्यासाच्या कामी आली.

दहावे वडील. तपासनीसच ते, घरी चष्मा लावून पहिल्या प्रश्नापासून वाचायला बसले. मैत्रीला वाटलं, आता हा कागद फाटणार.

"हे खंडूनं भरलं?"

"हो, बाबा."

"बरोबर भरलंय." बोट एका ओळीवर थांबलं. मुलांच्या भवितव्याची चिंता वाटते का? खंडूकाकांनी 'नाही' लिहून पुढे पुस्तीही जोडली होती: पोरगी हुशार हाय.

"इथं चूक आहे."

त्यांनी कंपनीच्या शिस्तीत 'नाही'वर एकच आडवी रेघ मारली, शेजारी 'होय' लिहिलं, छोटी सही केली, तारीख टाकली. व्हाइटनर लावलं की कागद बाद होतो, हे पंचवीस वर्षांत अंगवळणी पडलेलं.

"बेरीज बत्तीस कर," म्हणाले, आणि कागद तिच्याकडे देऊन टीव्ही लावला. मैत्रीला विचारायचं होतं, कसली चिंता? पण तो प्रश्न चाचणीत नव्हता.

शनिवारी मॅडमनी जर्नलवर सही केली. आकडे पाहून खूष झाल्या. फक्त एका कागदावर खाडाखोड आहे म्हणून नीटनेटकेपणाचा एक गुण कापला.