हेमांगी बाही

"काका, उसवल्याशिवाय कटिंग कळायचं नाही. नुसतं वरून बघून मी किती कापड वाया घालवलं!" नाझिया म्हणाली.

मी माझ्या बायकोचा, मैनाचा ब्लाऊज पिशवीत घालून नाझियाच्या शिवणाच्या दुकानाच्या दारात उभा होतो. तिनं स्टूल पुढं केलं. मी बसलो नाही. मैना गेल्यापासून मला कुठं बसवत नाही. घरात असलो की बाहेर जावंसं वाटतं. बाहेर पडलो की गॅस बंद केला का नाही, असं वाटून परत फिरतो.

"उसवून परत शिवता येतं ना?" मी विचारलं.

"येतं की. पण खोटं कशाला बोलू? कापड जुनं आहे. शिलाईपाशी फाटलं तर माझ्या हातात नाही."

"मग राहू दे."

आत नवसाबाई बसल्या होत्या. आमच्या शेजारच्या. त्यांची नात तेजल, तिचं लग्न ठरलंय. हळदीला घरातल्या सगळ्या बायकांनी हेमांगी बाहीचे ब्लाऊज घालायचे, असं तिनं ठरवलं होतं. टीव्हीवरची एक जुनी मालिका आता मोबाईलवर आली आहे आणि मुली ती बघताहेत. मालिकेतल्या नायिकेचं नाव हेमांगी. तिच्यासारखी एकावर एक दोन पदरांची बाही आमच्या सातपूरच्या कॉलनीत एकटी मैना शिवायची. नाझिया तिच्याच हाताखाली शिकली, पण तोवर ती फॅशन गेली होती.

"पेटीत ठिवून काय लोणचं घालणार हायेस का रे त्याचं, पुंजाराम?" नवसाबाई म्हणाल्या.

"असू दे लोणचं. माझं आहे."

"लय आखडू नको. मैना असती तर एका रात्रीत समद्यांना शिवून दिले असते तिनं."

मी घरी आलो. दहाव्यानंतर मेव्हणीनं मैनाच्या साड्या, ब्लाऊज रिवाजाप्रमाणे बायकांना वाटून टाकले. हा एक मशीनच्या खणात होता म्हणून राहिला; कॉलनीतल्या बायकांचे तसले ब्लाऊज तर केव्हाच विरून गेले होते. त्याच्यावर कुणाचं ब्लेड चालवू द्यायचं?

घरात करमेना. चहा ठेवला, तो न पिताच ओतून दिला. मग मोबाईलवर ती मालिका लावली.

मालिका लागायची त्या दिवशी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. कॉलनीत टीव्ही थोडेच होते आणि सगळे काळे-पांढरे. मी पहिल्या पाळीवरून येऊन दाराशी उभा राहायचो. मैना टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायची, पण हेमांगीच्या तोंडाकडं बघायचीच नाही. गळा, पाठ, बाही, एवढंच बघायची. "गोष्ट मला नंतर सांगा," म्हणायची. मीही सांगायचो. हेमांगीच्या सासूनं काय केलं, नवरा कुठं गेला. ती खडूनं कापडावर रेघा मारत ऐकायची. दुसऱ्या दिवसापासून बायका कापड घेऊन यायच्या.

मी भाग पुढं पुढं ढकलत राहिलो. शेवटी तो सापडला. हेमांगी सासर सोडून निघते, तोच. कॉलनीतल्या बायका रडल्या होत्या तेव्हा. मी चित्र थांबवलं. बाही साधी होती. फुगीर, एका पदराची. पुढचा भाग बघितला, मागचा बघितला. दुसरा पदर कुठंच नव्हता.

मी मोबाईल घेऊन खिडकीपाशी गेलो, उजेडात धरला. मग आठवलं. आमच्याकडं तेव्हा अँटेना नीट पकडायचा नाही. चित्र डबल दिसायचं. प्रत्येक माणसाला चिकटून त्याचंच दुसरं, फिकट माणूस चालायचं. मी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचो आणि खालून सगळे ओरडायचे, "अजून जरा! अजून जरा!" त्या डबल चित्रात मैनाला बाहीला बाही दिसली. तिनं दिसली तशी शिवली. हुबेहूब आहे, असं सगळ्या बायका म्हणाल्या, कारण त्यांनीही तेच बघितलं होतं.

मला हसू फुटलं. एकट्यानं फार वेळ हसता येत नाही. चप्पल घालून मी पुन्हा नाझियाकडं निघालो.

नवसाबाई अजून तिथंच होत्या. मी दोघींना मोबाईल दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. नाझियानं चित्र बोटांनी मोठं केलं.

"या अल्ला! हिला तर दुसरा पदरच नाही."

"बया!" नवसाबाई म्हणाल्या. "मंग आम्ही इतकी वर्षं कुणाची फ्याशन केली?"

"माझ्या बायकोची," मी म्हणालो.

रस्त्यावरून कंपनीची बस गेली. मालिका कितीदाही बघितली तरी ही बाही तिच्यात सापडणार नव्हती. ती या एका ब्लाऊजात होती.

"उसव," मी म्हणालो.

"नक्की ना, काका?"

"उसव म्हटलं ना. मी धरतो."

मी बाही दोन्ही हातांनी ताणून धरली. नाझिया ब्लेडच्या टोकानं एक एक टाका कापत गेली. मैनाची शिलाई बारीक, लवकर सुटेना. खालचा पदर सुटला. त्याच्या आत काहीतरी जाडसर होतं.

"बक्रम असेल," ती म्हणाली. "म्हणून पदर उभा राहायचा. माझा सारखा पडतो."

तिनं ते ओढून काढलं. खाकी होतं. माझ्या कंपनीच्या शर्टाची कॉलर, मधोमध कापलेली. अर्धी या बाहीत. दुसरी बाही उसवली, तिच्यात उरलेली अर्धी. मानेपाशी झिजून कापड पांढरं पडलेलं तसंच होतं.

नवसाबाईंनी साडीचा पदर तोंडाला लावला. नाझियानं वर्तमानपत्र पसरून बाहीचा आकार पेन्सिलीनं उतरवून घेतला. मी कॉलरचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि तळव्यानं दाबून सपाट केले. हात काढला की ते हळूहळू वर उचलायचे आणि मैनाच्या दंडाएवढे गोल व्हायचे.