माझी बाटली, त्याचं नाव

आधी पापण्या सुजल्या, मग पाय. लघवीला साबणासारखा फेस. डॉक्टर हरिप्रियांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "रक्तही आहे, प्रोटीनही आहे. दोन्ही एकत्र, म्हणजे बहुतेक किडनीची गाळणीच बिघडली आहे. मीठ कमी करा, बीपीची गोळी आजपासून. नेमकं कारण बायोप्सीत कळेल. याआधी कधी तपासलं होतं?"

"दरवर्षी! यांच्या कंपनीत कामगारांच्या बायकांचीही तपासणी होते," मी ऐटीत सांगितलं. "पोंगलच्या आधीच झाली. सगळं नॉर्मल होतं."

रत्नाकर, माझा नवरा, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात तो क्रेन चालवतो. त्याला शुगर आहे हे मला माहीत होतं. कंपनीला माहीत आहे का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

बाहेर औषधांच्या खिडकीपाशी त्याच्याच शिफ्टमधला वेंकट भेटला. "काय रे, बरा आहेस ना? वहिनी, पोंगलच्या आधी ह्याच्या लघवीत रक्त, प्रोटीन आलं होतं, त्याचंच औषध चाललंय का?"

"ते दुसऱ्यांदा क्लिअर आलं रे," रत्नाकर घाईघाईनं म्हणाला.

दरवर्षी पहाटे उठून मी तपासणीसाठी लघवीची बाटली भरायची आणि डब्याबरोबर त्याच्या हातात द्यायची. बायकांची एवढी काळजी घेणारी कंपनी, म्हणून शेजारच्या सरोजाअम्मांपुढे मिरवायचीसुद्धा. काय मूर्ख बाई मी!

वेंकट जाताच मी रत्नाकरला धरलं. "माझी लघवी स्वतःच्या नावावर देत होतास?"

"शुगर कळली असती तर क्रेनवरून काढलं असतं, कीर्ती."

तेवढं मी गिळलंही असतं. पोटासाठी माणूस काय काय करतो. "पण या वेळी रक्त आलं, ते कोणाचं हे तुला ठाऊक होतं."

"वाटलं, पाळीचं असेल. तुला सांगितलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं."

जानेवारीतला पोंगल जाऊन जुलैतला आडी महिना लागला होता. इतके दिवस हा माझ्या हातचं जेवत होता, माझे सुजलेले पाय बघत होता.

"मग दुसऱ्यांदा कोणाची दिलीस?"

"कँटीनमधल्या एकाची."

मी आजारी आहे हे ज्या दिवशी त्याला कळलं, त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी डॉक्टर शोधला नाही. स्वतःसाठी दुसरं निरोगी माणूस शोधलं.