पहिला नंबर

माझी थोरली बहीण सुमैया शिरूरला सासरी जळून मेली. तिचा नवरा सैफ म्हणाला, स्टोव्ह भडकला. मी त्यावर रॅप लिहिलं, पुण्यात एका कंपनीकडं रेकॉर्ड केलं. त्यात सैफचं नाव घेऊन विचारलं होतं, काडी कुणी ओढली? कंपनीनं मला न विचारता नाव कापलं आन् ढोल वाढवला. गाणं रेडिओवर पहिल्या नंबरला गेलं. चुलीत घाला तो नंबर!

सालभरात सैफनं आमच्याच तळेगावातली पोरगी केली. आमच्या दारापुढं वरात थांबली. डीजेवर माझंच गाणं, पोरं बेभान नाचत होती. नवी नवरी गाडीत मान खाली घालून बसलेली. सैफनं माझ्याकडं बघितलं आन् डीजेवाल्याला म्हणाला, "पुन्यांदा लाव."