मेदिचींच्या हाती न लागलेलं गाव

खुर्ची बसून बसून फाटते, असं मी जन्मभर धरून चालले होते. मग एका सकाळी मी माझ्या भावाला, सावरोला, स्वयंपाकघरातल्या सुरीनं खुर्चीची वेताची वीण कापताना पाहिलं. त्याची पाठ होती माझ्याकडे. मी तशीच मागे सरले, जिन्यात जाऊन मोठ्यानं खोकले आणि परत आत आले, तर हा गृहस्थ कमरेवर हात ठेवून म्हणतो कसा, "बघ नीवेस, ही पण गेली!"

"अरेरे," मी म्हटलं. "वजन वाढलंय तुझं."

घरात माणसं दोन, खुर्च्या सहा, आणि सहाच्या सहा एलिदेकडून विणून आलेल्या, काही तर दोनदोनदा. एलिदे आमच्या गल्लीच्या टोकाला खुर्च्या विणायची. जवळच्या लुक्का गावची बाई, विधवा, बोलायला मोजकी आणि हाताची पक्की. सावरो खुर्ची खांद्यावर टाकून तिच्याकडे जायचा तो दोन तासांनी परत यायचा. काय बोललात म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "कोझिमो दे मेदिचीच्या बागांबद्दल सांगितलं तिला." इतकी वर्षं झाली, तरी अजून 'सिन्योरा एलिदे' आणि 'तुम्ही'च चालू होतं.

सावरो गाइड आहे. एके काळी इथे राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या पाऊलखुणा दाखवत लोकांना फ्लोरेन्सभर चालवतो. मेदिचींच्या कुठल्या सुनेचं कुठल्या नणंदेशी पटत नव्हतं, हे त्याला असं ठाऊक आहे की जणू भांडण सोडवायला हाच गेला होता. पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांबद्दल तीन तास बोलेल. समोर जिवंत बसलेल्या बाईला एक वाक्य बोलायचं म्हटलं की याची दातखीळ बसते.

आणि आता वेळ उरली नव्हती. एलिदेच्या घरमालकाला दुकान आणि वरची खोली प्रवाशांना भाड्यानं द्यायची होती. लुक्काला तिच्या बहिणीचं घर आहे, खाली एक गाळाही आहे. रविवारी ती कायमची निघणार होती.

मी सावरोला म्हटलं, "विचार तिला. नाही म्हणाली तर काय होईल?"

"नाही म्हणेल."

"मग? आत्ता तरी काय हो म्हटलंय तिनं?"

खरं सांगते, मी हे सगळं स्वतःसाठीच करत होते. माझा नवरा गेला तेव्हा सावरो 'तुला सोबत' म्हणून माझ्याकडे राहायला आला. सोबत म्हणजे त्याचे शर्ट, त्याचे मोजे आणि जेवताना कातेरीना दे मेदिचीचं लग्न. एलिदे आमच्याकडे आली असती तर निम्मं ओझं तिच्यावर गेलं असतं. मी तर तिच्यासाठी माझ्या खोलीतलं एक कपाट रिकामंही करून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

अठरा फेब्रुवारी शुक्रवारी आली. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी याच तारखेला मेदिचींची शेवटची लेक, आन्ना मारिया लुईझा वारली. दरवर्षी तिच्यासाठी ढोल-तुताऱ्यांची मिरवणूक निघते आणि गावातल्या बऱ्याच ठिकाणी आत जायला पैसे पडत नाहीत. सावरो त्या दिवशी गाववाल्यांना फुकट फेरी घडवतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. परदेशी पाहुणे ऐकून घेतात. फ्लोरेन्सवाले तपासून बघतात. जन्मात त्या दारातून आत गेलेले नसतात, पण आत काय आहे त्यावर भांडायला तयार.

मी एलिदेला म्हटलं, "जाण्यापूर्वी एकदा त्याची फेरी तरी बघ."

"सगळी ऐकलीय मी," ती म्हणाली. "खुर्चीगणिक थोडी थोडी." पण आली. हिरवा कोट घालून आली आणि सगळ्यांसाठी लुक्काचा तो बेदाणे-बडीशेपेचा गोल गोड पाव घेऊन आली.

मेदिचींच्या वाड्याच्या कोपऱ्यावर सावरोनं छत्री वर करून घराण्याच्या ढालीवरचे गोळे दाखवले. "हे गोळे म्हणजे काय, यावर एकमत नाही. कुणी म्हणतं औषधाच्या गोळ्या, कुणी म्हणतं नाणी."

"पोट दुखेपर्यंत खाल्लेलं दिसतंय," मागून विनीचो ओरडला. "गोळ्याच त्या!" विनीचोची बाजारात वजडी-पावाची गाडी आहे. दरवर्षी येतो, दरवर्षी मागेच उभा राहतो, कारण पुढून टोमणे मारायला मजा येत नाही.

"विनीचो, तू इतिहास शिकलास कुठे?"

"वजडीत. तिच्या घड्या तुझ्या भाषणापेक्षा कमी असतात."

लोक हसले. एलिदेही हसली. सावरोनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य विसरला. मला आशा वाटू लागली.

तिथून सान लोरेन्झोच्या देवळासमोर आलो. मेदिचींचं हे घरचं देऊळ, पण याचं तोंड, म्हणजे दर्शनी भिंत, आजतागायत कुणी पूर्ण केलेलं नाही. नुसता ओबडधोबड दगडविटांचा चेहरा. आत जाऊन बघाल तर डोळे निवतील.

"तुमच्या लुक्कात उलटं आहे, नाही का, सिन्योरा एलिदे?" सावरोला राहवलं नाही. आमच्या गावात मित्र गेला तरी चालतो, पण जिभेवर आलेला टोमणा गिळत नाहीत. "तुमच्या सान मिकेलेचं तोंड आभाळाएवढं, आणि मागे देऊळ त्याच्या निम्मं. पुढे सगळा थाट, मागे रिकामा वारा."

सगळ्यांनी एलिदेकडे पाहिलं. ती शांतपणे पावाचे तुकडे वाटत होती.

"खरंय," ती म्हणाली. "आमच्याकडे तोंड आहे, तुमच्याकडे आतलं सगळं आहे आणि तोंडच नाही. दोन्ही एकत्र आणली तर एक धड देऊळ होईल."

विनीचोच्या तोंडातला घास थांबला. आमच्या गावात आता दगडालाही कळलं असतं की बाई काय म्हणतेय.

सावरोचे कान लाल झाले. त्यानं तोंड उघडलं. मी मनातल्या मनात म्हटलं, बोल बाबा, बोल.

"तांत्रिकदृष्ट्या ते जमणार नाही," सावरो म्हणाला. "आपल्यासाठी मिकेलअँजेलोनं जो आराखडा केला होता, त्याला संगमरवर वेगळा लागतो."

"अरे देवा!" विनीचो म्हणाला. ते सगळ्यांच्याच वतीनं होतं.

शेवटचा थांबा तळघरातल्या मेदिचींच्या थडग्यांचा. आन्ना मारिया लुईझाच्या थडग्यावर नुकतीच फुलं ठेवलेली होती. इथे सावरोचा आवाज दरवर्षी बदलतो, आणि इथे मीही त्याला हसत नाही. घराणं संपलं होतं, ना भाऊ उरला ना मूल. गादीवर बाहेरचे येणार होते. तेव्हा या एकट्या म्हातारीनं नव्या मालकांशी करार केला: चित्रं, पुतळे, पुस्तकं, दागिने, सगळं तुमचं, पण यातली एकही वस्तू या गावाबाहेर जाणार नाही. "म्हणून आज आपल्याकडे सगळं आहे," सावरो म्हणाला. "दुसऱ्या घराण्यांचं जे होतं ते गावोगाव पांगलं. आपलं राहिलं, कारण एका बाईनं वेळेवर तसं सांगितलं."

एलिदे पुढे आली. "एक विचारू? जे बाहेरून या गावात आलं, पण इथलंच होऊन गेलं, त्यालाही हा करार लागू आहे का?"

यापेक्षा जास्त कुठली बाई काय सांगणार? मी त्याच्या कोटाची बाही धरली आणि जोरात ओढली.

सावरोनं कपाळाला आठ्या घातल्या. विचार केला. खुर्च्यांचं सोडा, पण इतिहासाबाबत त्याला खोटं बोलता येत नाही, हेच त्याचं दुर्दैव. "नाही," तो म्हणाला. "फक्त घराण्याच्या मालकीच्या वस्तू. दुसऱ्याचं जे असेल ते त्यानं खुशाल न्यावं."

"गाढवा!" हे मी म्हणाले. थडग्यांपाशी मोठ्यानं बोलू नये, पण म्हणाले.

"माहितीबद्दल आभारी आहे," एलिदे म्हणाली. तिनं गळ्याभोवती रुमाल गुंडाळला आणि दाराकडे निघाली. मी सावरोकडे पाहिलं तर तो पांढराफटक पडला होता. आपण काय बोललो ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरत होतं.

"सिन्योरा एलिदे! लुक्काबद्दल एक सांगायचं राहिलं!"

गर्दीतून उसासा निघाला. आणखी एक टोमणा मारून हा आता कायमची माती खाणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"पिसा मेदिचींकडे होतं," सावरो म्हणाला. "सिएना त्यांनी घेतलं. लुक्का मात्र कधीच त्यांच्या हाती लागलं नाही."

"ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं."

"हो. तर मी असं विचारत होतो, की तुमच्या तटाच्या आत... माझ्यासारख्या एखाद्याला राहायला घेतात का?"

एलिदे थांबली. वळली. "मेदिचींनी कधी विचारलं होतं का? दार वाजवलं असतं, हातात काहीतरी गोड आणलं असतं, तर कुणी सांगावं."

सावरोनं हातांकडे पाहिलं. एका हातात छत्री, दुसरा रिकामा. विनीचो गर्दी सारत पुढे आला आणि त्यानं त्या रिकाम्या हातात उरलेला गोड पाव कोंबला.

"हा माझाच आहे," एलिदे म्हणाली.

"आणि अर्धाच उरलाय," सावरो म्हणाला. "पण मी विचारतोय."

"बरं झालं. मला वाटलं, घरात खुर्च्याच उरायच्या नाहीत." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बसून फाटलेली वीण मधून जाते. यांच्या खुर्च्या नेहमी कडेनं फाटायच्या, पट्टी लावल्यासारख्या सरळ!"

मग जे हसणं झालं ते त्या तळघरात तीनशे वर्षांत झालं नसेल. विनीचोनं टाळ्या सुरू केल्या, सगळ्यांनी उचलल्या, मीही सगळ्यांत जोरात वाजवत होते. आणि वाजवता वाजवताच ते माझ्या ध्यानात आलं. त्यानं तिला 'थांब' म्हटलं नव्हतं. 'मी येतो' म्हटलं होतं. माझे हात थांबले. घरातलं ते रिकामं कपाट डोळ्यासमोर आलं आणि मला फार वाईट वाटलं. अगदी पोरीसारखं, फार वाईट वाटलं.

पण मी त्याचीच बहीण आहे. घरी येताना म्हटलं, "चला, शर्टातून सुटले."

सावरो पुढच्या महिन्यात गेला. पुस्तकांची खोकी खाली गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला. "एखादी खुर्ची नेऊ का गं? आठवण म्हणून."

"करार विसरलास? या घरातली एकही वस्तू गावाबाहेर जाणार नाही."

तो हसला, मला मिठी मारली आणि गेला. मी खिडकीत उभी राहून हात हलवला आणि मग त्याच्या खुर्चीवर बसून रडले. खुर्चीला काही झालं नाही.

दर रविवारी त्याचा फोन येतो. म्हणतो, लुक्कावाल्यांना तटावरून फिरवून मेदिची कसे हरले ते सांगतो, आणि तेही दर वाक्याला त्याच्या चुका काढतात. शर्टांना इस्त्री कोण करतं, असं विचारलं तर म्हणतो, "मीच." मग जन्मभर काय धाड भरली होती? "ये ना एकदा," असंही म्हणतो. पण उगाच कसं जायचं? दोघांचा नवा संसार, आपण कोण मधे तडमडणार? काहीतरी काम तर हवं.

आज सकाळी कॉफी झाल्यावर मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली. मधून कापली, वाकडीतिकडी, दोनतीन वेत ओढून सैलही केले. एलिदेला पहिल्या नजरेत कळणार आहे, तो भाग वेगळा.

गाडीत खुर्ची दाराशी ठेवून मी तिच्याच चौकटीवर टेकले. समोरच्या बाईनं विचारलं, "कुठवर नेताय ही?"

"लुक्काला. वीण गेलीय."

"अहो, एवढ्यासाठी लुक्काला? फ्लोरेन्सात विणून देणारं कुणी नाही का?"

"होती," मी म्हटलं. "तिला आम्हीच जाऊ दिलं. वर घरातला माणूसही दिला."