सोड्याच्या टाकीतून परतलेली काच

मित्रांनो, तुमच्या चित्रकलेच्या वहीच्या पानाएवढी मी एक जुनी काच आहे. नागपुरात, सीताबर्डीवरील एका ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्याच्या लाकडी खणात माझे वास्तव्य आहे. माझ्या अंगावर एक चित्र आहे. त्यात जे काळे दिसते ते मुळात पांढरे असते, आणि जे पांढरे दिसते ते काळे. त्यामुळे मला उजेडात धरणारा माणूस प्रथम थोडा गोंधळतो.

ब्लॉक म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. अक्षरे छापायची तर छापखान्यात शिशाचे खिळे असतात. छायाचित्राला मात्र खिळे नसतात. म्हणून छायाचित्र फळीवर टाचून, दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे लावून, खाटेएवढ्या कॅमेऱ्याने ते माझ्यासारख्या काचेवर उतरवतात. त्या वेळी आमच्यापुढे बारीक रेघांची एक जाळी धरली जाते आणि सारे चित्र असंख्य ठिपक्यांत विभागले जाते. आमच्यावरून ते जस्ताच्या पत्र्यावर जाते, आम्ल नको तेवढा पत्रा खाऊन टाकते, आणि लाकडी ठोकळ्यावर बसवलेला तो पत्रा म्हणजे ब्लॉक. वृत्तपत्राचा कागद खरखरीत आणि शाई पिणारा. त्यासाठी ठिपके विरळ ठेवावे लागतात. पुस्तकाच्या गुळगुळीत कागदासाठी ते दाट चालतात. दाट ठिपक्यांचा ब्लॉक वृत्तपत्रात लावला, तर शाई मधल्या जागा भरून टाकते आणि भल्या माणसाचा चेहरा तव्यासारखा उमटतो. म्हणून एकाच चित्राचे, ज्या कामासाठी हवे त्या कामापुरते, वेगवेगळे ब्लॉक करावे लागत.

आम्हा काचांचे आयुष्य मात्र आठवड्याचे. काम झाले की काचा धुणाऱ्या रंभाबाई आम्हांला सोड्याच्या टाकीत बुडवीत. तिथे अंगावरचे चित्र साईसारखे सुटून जाई, आणि आम्ही पुन्हा कोऱ्या. काच मिळणे दुर्घट होते, त्यामुळे हे धुणे अपरिहार्यच होते. माझ्या अंगावर साबणाची वडी येऊन गेली, पाण्याचे इंजिन येऊन गेले, लग्नपत्रिकेवरचे गणपती तर कितीदा तरी आले. कोणाचाही वियोग मला कधी जाणवला नाही. रंभाबाई मात्र प्रत्येक काच खिडकीशी धरून एकवार पाहत आणि म्हणत, "चाल बाप्पा, झाली तुही भेट."

कारखान्याचे मालक दादाजी स्वतः कॅमेरा सांभाळीत. फार मितभाषी गृहस्थ. त्यांचा एक नेम होता. कोणी आपले एकुलते एक छायाचित्र आणले, तर त्यावर कुंचला लावण्यापूर्वी ते जाळीशिवाय, जसेच्या तसे, एका काचेवर उतरवून घेत. ग्राहक आपले छायाचित्र सुखरूप घेऊन जाईपर्यंत ती काच राखून ठेवायची, असे त्यांच्या मनात असे. दुर्दैवाने ते मनातच असे. कोणाला सांगण्याची त्यांना सवय नव्हती.

ही हकिकत सदुसष्ट सालच्या मार्गशीर्षातली आहे. कळमेश्वरकडच्या एका गावाहून शाळेच्या समितीचे कार्यवाह महादेवराव आले. त्यांच्यासोबत जयवंताबाई होत्या. त्यांचे दिवंगत पती धोंडबा यांनी शाळेला जमीन दिली होती, आणि त्यांच्या स्मरणार्थ समिती एक पुस्तिका काढणार होती. जयवंताबाईंनी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले छायाचित्र उलगडले. खुर्चीवर शुभ्र धोतर नेसलेले धोंडबा. त्यांच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून उभी असलेली पाच वर्षांची मुलगी, अंगावर गडद रंगाचा परकर.

महादेवराव म्हणाले, "आम्हाला फक्त धोंडबाजी पाहिजेत. एक ब्लॉक पुस्तिकेसाठी, एक वर्तमानपत्रासाठी. बाजूचं सारं काढून टाका." आणि तसे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहूनही दिले.

"काढा, भाऊ," जयवंताबाई म्हणाल्या. "पुस्तकात त्याईचंच काम हाये. पण हा फोटो जसा देला तसाच मले वापस पायजे. पोरीचा हा एकच हाये. काढला त्याच साली देवी आल्या न् गेली ती."

दादाजींनी मान डोलावली. "जसा देला तसाच भेटन, बाई."

त्याच दुपारी त्यांनी ते छायाचित्र माझ्यावर उतरवले: बाप, लेक, खुर्ची, सारे काही. मग चिठ्ठीसह ते शालिकरामांच्या टेबलावर ठेवून दिले.

शालिकराम हे तिथले चित्रकार. छायाचित्रातील दोष झाकून ते छपाईयोग्य करण्यात त्यांचा हातखंडा होता. जयवंताबाई आल्या तेव्हा ते जागेवर नव्हते. त्यांच्यापुढे होती ती केवळ चिठ्ठी. त्यांनी प्रथम मुलीवर पांढरा रंग देऊन पाहिला. पण गडद परकर रंगाखालून डोकावत राहिला. तेव्हा त्यांनी बारीक पाते घेतले आणि मुलगी कागदावरून अलगद खरवडून काढली. गुडघ्यावरचा चिमुकला हात खरवडला आणि तिथे धोतराच्या अशा निऱ्या रंगवल्या की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. छायाचित्र फळीवर टाचताना दादाजींचे लक्ष ठिपक्यांकडे होते; मुलगी रंगाखाली झाकलेली नसून खरवडली गेली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दोन्ही ब्लॉक उत्तम झाले. महादेवराव ते घेऊन जाताना म्हणाले, "शालिकराम, हात हाये का जादू हाये गा!" शालिकराम दिवसभर प्रसन्न होते.

चार दिवसांनी जयवंताबाई एकट्याच बसने आल्या. दादाजींनी पाकीट त्यांच्या हाती दिले. त्यांनी छायाचित्र काढले, पाहिले, उलटून मागची बाजू पाहिली.

"भाऊ, हा आमचा नाई."

"तुमचाच हाये, बाई. मागं तुमच्या गावाचं नाव हाये, पाहा."

"मंग माही कौसल्या कुठं गेली?"

शालिकराम आपल्या टेबलावरून कौतुकाने उठून आले. "काढून टाकली ना, मावशी! कुठं जोड दिसते का सांगा."

जयवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. आवाज चढला नाही. "पुस्तकातून काढा म्हटलं होतं, गा. घरातून नाई."

शालिकरामांचा चेहरा उतरला. चिठ्ठीचा कागद त्यांनी हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. दोन्ही ब्लॉकांत एकटे धोंडबा होते. दाट ठिपक्यांतही आणि विरळ ठिपक्यांतही. दादाजी म्हणाले, "याची चूक नाई, बाई. चूक माही हाये. तुमचं बोलणं म्या याले सांगतलंच नाई." आणि एवढे बोलून ते एकाएकी मागच्या धुण्याच्या खोलीकडे धावले. त्यांना धावताना मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

मी त्या क्षणी टाकीपाशी होते. काम संपले म्हणून त्या कामाच्या सगळ्या काचा रंभाबाईंकडे आल्या होत्या. माझ्या दोन सोबतिणी धुऊन कोऱ्या झाल्या होत्या. रंभाबाईंनी मला खिडकीशी धरून पाहिले होते आणि माझी खालची कड सोड्यात उतरली होती. मित्रांनो, शेकडो वेळा त्या टाकीत गेलेली मी. पण त्या दिवशी प्रथमच वाटले, जाऊ नये.

"रंभे, थांब वं!"

"काहून ओरडून राहिले जी? फुटन ना काच हातातून!"

"कोणती हाये ती?"

"धोतरवाला बुवा हाये, न् बाजूले पोरगी. चांगली हाये पोरगी."

दादाजींनी मला रंभाबाईंच्या हातून घेतले आणि नळाखाली धरले. पाणी बराच वेळ वाहत राहिले. मग त्यांनी मला दोन्ही तळव्यांत तोलून अंधाऱ्या खोलीत नेले. जयवंताबाईंनाही आत बोलावले. तांबड्या दिव्याच्या उजेडात, माझ्याखाली ठेवून उजेड दाखवलेला कागद त्यांनी द्रवाच्या ताटात सोडला. प्रथम काहीच नव्हते. मग खुर्चीची पाठ आली, धोंडबांची मिशी आली, आणि त्यांच्या गुडघ्यावर एक लहानसा हात उमटला. हातामागून मुलगी आली.

मात्र जिथे मला सोडा लागला होता, तिथे चित्र उरले नव्हते. परकराच्या काठाखाली नुसता काळोख उमटला होता.

दाराशी उभे असलेले शालिकराम खालमानेने म्हणाले, "मावशी, पाय मी रंगानं काढून देतो. कळणार नाई कोणाले."

जयवंताबाई ताटावर वाकून पाहत होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, मग हलकेच म्हणाल्या, "नको, बापू. तिचे पाय तू कुठं पायले? अन् गेले तं गेले. आता कुठं जाचं हाये तिले?"

कागद वाळेपर्यंत त्या बसून राहिल्या. रंभाबाईंनी त्यांना चहा दिला, आणि दोघी कितीतरी वेळ त्या मुलीविषयी बोलत होत्या: तिला बोरे आवडत, ती बैलाला नावाने हाक मारी. जाताना जयवंताबाईंनी शालिकरामांना शाळेतल्या पुस्तिकेच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमाला येण्याचे निमंत्रण दिले. ते गेलेही.

त्या दिवसापासून कारखान्याची रीत पालटली. दादाजींनी माझ्याभोवती काळा कागद गुंडाळून त्यावर लिहिले, 'कौसल्या, धोंडबांची कन्या. धुऊ नये.' अशा मूळ काचांसाठी वेगळा खण झाला, आणि कोणत्या काचेला हात लावायचा नाही हे रंभाबाईंपासून सर्वांना मोठ्याने सांगितले जाऊ लागले. पुढे दादाजी गेले. आता काचेच्या जागी फिल्म आली आहे, टाकी कोरडी पडली आहे, आणि आमचा खण महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही. याचे मला दुःख नाही. पडून राहण्यासाठीच तर मला राखले होते.

मित्रांनो, तुम्ही पुढे चित्रांची कामे कराल. कापाल, पुसाल, लहानमोठी कराल. ते केलेच पाहिजे. पण आरंभी एक प्रत अखंड बाजूला ठेवा, आणि ती कोणती हे शेजारच्या माणसाला सांगा. आणि कधी या कारखान्यात आलात, खण ओढून मला बाहेर काढलेत, तर कडेने धरा. बोट मधोमध टेकवाल, तर ते नेमके तिच्या गालावर उमटेल.