दुपारी अडकणारं नेट

रोज दुपारची जेवणं झाली की आमचं नेट अडकतं. माझा मुलगा रजत पुण्याच्या कंपनीचं काम इथे, बाभुळगावजवळच्या आमच्या गावात बसून करतो. साहेबानं त्याला शेवटचं बजावलं होतं, नेट सुधार, नाहीतर पुण्याला येऊन बस. त्यानं घरात फायरवॉलचा डबा बसवलाय. नेटवरचा चौकीदार म्हणे. असला झोपाळू चौकीदार कशाला पोसायचा, हे मी विचारलं नाही. हल्ली मी फारसं काही विचारत नाही.

त्या दुपारी ओसरीत बसून त्यानं डबा बंद-चालू केला, वायर बदलली, नेटवाल्याशी फोनवर भांडला. शेवटी एकेक वस्तू नेटवरून काढत गेला. टीव्ही काढला, फरक नाही. अंगणातल्या कॅमेऱ्याची वायर काढली आणि नेट धावायला लागलं.

"कोणीतरी बाहेरून आपला कॅमेरा पाहून राह्यलं," लॅपटॉपवर डब्याचा हिशेब बघत तो म्हणाला. "रोज याच वक्ताले. सारं नेट त्यातच चाललं जाते."

"चोर असंन," आमचे हे म्हणाले. हे, म्हणजे पुंडलिकराव, बनियनवर अंगणातल्या खाटेवर पडले होते. "बंद कर त्याले."

रजतनं माझ्याकडे पाहिलं. कापूस घरात भरला तेव्हा तो कॅमेरा प्रेरणानं लावला होता. पासवर्ड तिलाच ठाऊक. प्रेरणा आमची मुलगी. तिनं जातीबाहेर लग्न केलं आणि यांनी तिच्या नावानं आंघोळ केली, मेलेल्या माणसाची करतात तशी. त्यानंतर तिचं नाव या घरात कुणी काढलं नाही. मला वाटलं होतं, मी ऊर बडवून रडेन. आत काही हललंच नाही. मी भाकरी थापल्या. अजून थापतेच आहे, चव तेवढी लागत नाही.

रोज दुपारी मी त्याच अंगणात तूर निवडत बसते. म्हणजे माझं पेंगणं, बकरीला शिव्या घालणं, सगळं पाहत होती कार्टी.

"चोर नाही," मी म्हणाले. "प्रेरणा हाये."

यांनी भिंतीकडे कूस वळवली.

"डब्यातूनच चित्र हलकं करतो," रजत हळूच म्हणाला. "मंग माहं काम अडणार नाही. पण आई, तुहं तोंड नीट नाही दिसणार तिले."

"चालते. माही पोरगी हाये. बसण्यावरून वळखंन मले."

त्यानं कॅमेऱ्याची वायर परत लावली. खाट करकरली.

"रजत, हे खाट दिसते का रे त्यात?"

"दिसते, बाबा."

मला वाटलं, आता खाट उचलून मागच्या दारी नेतील. हट्टात यांचा हात कुणी धरणार नाही. हे उठले, ओसरीतल्या खुंटीवरचा सदरा अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पुन्हा त्याच खाटेवर, भिंतीकडे तोंड करून निजले.