लाटण्याच्या सावलीवरचा रामजन्म

तारामतीबाईंच्या घड्याळाचा आदर्श नगरातल्या मराठी बायकांना धाक होता. नवऱ्याच्या, मोरेश्वररावांच्या, बँकेतल्या बदलीने त्या साताऱ्याहून जयपूरला आल्या, त्याला एकतीस वर्षं झाली. इथेच घर झालं, आणि दर रामनवमीला बाराच्या ठोक्याला रामाचा पाळणा त्यांच्याच दिवाणखान्यात हलला. मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. चौथीत शाळा सुटलेली बाई, पण वेळ पाळावी तर तिनेच, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना ऐकवायच्या.

मागच्या रामनवमीला त्यांची सून उत्कर्षा वीस मिनिटं उशिरा आली. ती सांगानेरला, लाकडी ठशांनी कापड छापतात त्या कारखान्यात नक्षीचं काम करते. सणाला सुटी असली तरी अर्धा दिवस जावं लागतं. पाळण्यात घालायला तिने स्वतः ठसे मारून एक दुपटं केलं होतं. ते छातीशी धरून ती दारात आली, तेव्हा रामजन्म होऊन बायका सुंठवडा खात होत्या.

"राम काही तुझ्या बसची वाट बघत बसत नाही गं," तारामतीबाई भरल्या घरात म्हणाल्या.

बायका हसल्या. उत्कर्षाने दुपटं कपाटात ठेवलं आणि भांडी घासायला घेतली. वर्षभर तिने त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि तारामतीबाईंना तेच खुपत राहिलं. उलटून बोलली असती तर दोघी मोकळ्या झाल्या असत्या.

यंदा रामनवमीच्या आधीच्या रविवारी नात मिताली, उत्कर्षाची मुलगी, आजीला घेऊन शहर बघायच्या हट्टाला पेटली. शाळेने शहरातल्या नवलाच्या गोष्टी लिहून आणायला सांगितल्या होत्या. रिक्षात बसल्या बसल्या तिने वही उघडली.

"आजी, हवामहलचा सगळे जो फोटो काढतात ना, मतलब, ती त्याची पाठ आहे. आत जायचा दरवाजा मागे आहे."

"पाठीलाच एवढं नटवलंय? आपल्या शेजारच्या मंजुषाच्या ब्लाउजसारखं."

जंतरमंतरात, राजाच्या जुन्या वेधशाळेत, मितालीने त्यांना सगळ्यात उंच यंत्रापुढे उभं केलं. नऊ मजल्यांएवढी तिरकी भिंत, दोन्ही बाजूंना दगडी कमानी, आणि कमानीवरच्या खुणांवर भिंतीची सावली. जगातलं सगळ्यात मोठं सावलीचं घड्याळ, असं वहीत होतं. तारामतीबाईंनी मनगटाकडे पाहिलं. बारा. कमानीवर मात्र अजून साडेअकराही वाजले नव्हते.

"बंद पडलंय हे. दगडाला चावी देणार तरी कोण?"

शेजारचा गाईड हसला. "माताजी, घड़ी आपकी सही है, पर जयपुर की नहीं है." मग त्याने नीट समजावलं. सगळ्या देशाची घड्याळं पार पूर्वेकडे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या एका रेषेवरच्या सूर्यावर लावलेली. तिथून सूर्याला इथल्या डोक्यावर यायला अर्धा तास लागतो. आज इथली खरी दुपार बारा चौतीसला.

तारामतीबाईंचा कुणाच्या सांगण्यावर विश्वास बसत नसे. त्या उन्हात उभ्या राहिल्या. सावली डोळ्यांदेखत सरकत होती, मिनिटाला चार बोटं. बारा चौतीसला एका कमानीवरून ती उतरली आणि दुसरीवर चढायला लागली.

राम जन्मला तो सूर्य डोक्यावर असताना. म्हणजे एकतीस वर्षं त्यांनी रामाला अर्धा तास आधीच पाळण्यात घातलं होतं.

"और सातारा में?" त्यांनी विचारलं.

"वहाँ तो और भी देर से, माताजी."

तारामतीबाईंचा चेहरा जरा उजळला. म्हणजे साताऱ्यात बाराच्या ठोक्याला पाळणा हलवणाऱ्या सासूबाईंचंही जन्मभर चुकलंच होतं.

पण परतताना त्या मनातल्या मनात हिशेब करत होत्या. गेल्या वर्षी उत्कर्षा बारा वीसला आली होती. उशिरा कसली, चांगली दहा-पंधरा मिनिटं आधी. हे त्यांनी पोटात ठेवलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं. बोललं तर मंजुषाला वर्षभराची करमणूक.

सोमवारी दुपारी त्यांनी अंगणात गव्हाचा डबा मांडला, त्यात लाटणं उभं रोवलं, आणि मितालीने फोनवर बघून बारा चौतीस म्हणताच सावलीवरून रांगोळीची सरळ रेघ ओढली. "कुणी हात लावला तर याच लाटण्याने बघीन," म्हणाल्या.

रामनवमीला घर भरलं. भिंतीवरच्या घड्याळाने बारा ठोके दिले. तारामतीबाई पाळण्याची दोरी धरेनात.

"काकू, बारा वाजले," मंजुषा म्हणाली. तिचा नवरा विमा कंपनीत. जयपुरात येऊन तिला तीनच वर्षं झाली होती, पण जीभ लवकर रुळली होती.

"घड्याळाचे वाजले. सूर्याचे वाजायचेत. चला बाहेर."

अंगणात पंधरा बायका लाटण्याभोवती उभ्या राहिल्या. तारामतीबाईंनी मिर्झापूरपासून सगळं सांगितलं, आणि शेवटी एका दमात म्हणाल्या, "तेव्हा एकतीस वर्षं माझं चुकलं."

"काकूंचं चुकलं? पहिल्यांदाच ऐकतेय."

"कान देऊन ऐकून घे. पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

फाटक वाजलं. बारा वीस झाले होते. उत्कर्षा खाली मान घालून आत आली, आणि अंगणात लाटण्याभोवती जमलेल्या बायका बघून थबकली.

"आई, बस सांगानेरलाच..."

"लवकर आलीस," तारामतीबाई म्हणाल्या. "सावली रेघेला लागायला अजून दहा-बारा मिनिटं आहेत. मागच्या वर्षीही लवकरच आली होतीस, मीच घाई केली. हातपाय धू आणि दोरी धर."

उत्कर्षा आत गेली. पाळण्यात तिचं दुपटं अंथरलेलं होतं, इस्त्री करून, ठशांची बाजू वर. तिने हातपाय धुतले. मग पदराने तोंड पुसून तिने दोरी हातात घेतली.

बाहेरून मिताली ओरडली, "लागली!" आणि पाळणा हलला.

निघताना मंजुषाने चपला शोधत विचारलं, "मग काकू, पुढच्या वर्षी नक्की किती वाजता यायचं?"

"उत्कर्षाची बस आली की," तारामतीबाई म्हणाल्या, आणि लाटण्याचे गहू झटकत स्वयंपाकघराकडे वळल्या.